एकवीस दिवसांचं हाड

२०२० साली रामनवमी २ एप्रिलला, गुरुवारी आली होती. त्या सकाळी पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावी आत्या गोठा झाडून शेणाची पाटी उचलायला वाकली, ओल्यावर पाय सटकला आणि ती उजव्या हातावर पडली. तासाभरात मनगट टम्म सुजलं. एरवी चुलतभावाने तिला मोटारसायकलवर मागे बसवून सुप्याला नाहीतर सरळ नगरला नेलं असतं. पण देश बंद होऊन तो नववा दिवस होता. गावाच्या वेशीवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकलेल्या, पुढे पोलिसांची नाकाबंदी. एका दवाखान्यात फोन केला, तर फक्त इमर्जन्सी बघतो म्हणाले. मोडलेलं मनगट इमर्जन्सीत बसतं का, हे फोनवर कोणालाच ठरवता येईना. शेवटी पुठ्ठ्याचा तुकडा, वर जुन्या लुगड्याची पट्टी आणि दुखण्याच्या गोळ्या, एवढ्यावर भागवलं.

आत्याच्या हाताचा एक्स-रे निघाला तो ४ जूनला, निसर्ग चक्रीवादळ येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. रस्त्यात झाडं पडलेली होती, तरी पोचलो. २ एप्रिल ते ४ जून म्हणजे ६३ दिवस. डॉक्टरांनी फिल्म खिडकीच्या उजेडावर धरली, आधी काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “मावशी, हाड जुळलंय. पण वाकडं जुळलंय.”

वाकडं जुळणं म्हणजे काय, हे मला त्या दिवशी संध्याकाळी चुलीपुढे कळलं. आत्याने परातीत बाजरीचं पीठ मळलं, थापलंही. पण भाकरी तळहातावर घेऊन तव्यावर टाकायची, तर हात आधी उताणा करावा लागतो. तिचा हात अर्ध्यातच अडकला. पन्नास वर्षं रोज दहा-पंधरा भाकऱ्या टाकणारा हात अर्ध्या वाटेत थांबला आणि भाकरी दुमडून परातीत पडली.

त्यानंतर मी या विषयाचे आकडे गोळा करायला लागलो. साथीच्या काळात फुप्फुसांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आणि ते लिहायलाच हवं होतं. हाडांबद्दल फार कमी लिहिलं गेलं. मात्र हे आकडे असे आहेत, की ते मांडल्याशिवाय त्या दोन वर्षांचा हिशेब पुरा होत नाही.

आधी हाडाचा स्वतःचा हिशेब. मोठ्या माणसाच्या अंगात २०६ हाडं असतात आणि ती मोडल्यावर स्वतःच जुळायला लागतात, कोणी बसवो न बसवो. मोडल्यावर काही तासांत तिथे रक्ताची गाठ धरते. आठवडाभरात त्या गाठीत नवे तंतू शिरतात. दोन-तीन आठवड्यांत कच्च्या हाडाचा चिवट गोळा तयार होतो, त्याला डॉक्टर कॅलस म्हणतात. तोवर तुकडे हलते असतात आणि हाताने ओढून जागेवर आणता येतात. एकदा हा गोळा घट्ट झाला की हाड जिथे असेल तिथेच सांधलं जातं, सरळ असो की तिरकं. म्हणून तीन आठवडे उपचार न मिळालेल्या मोडीला अस्थिरोगतज्ज्ञ वेगळं नाव देतात: दुर्लक्षित मोड. त्यानंतर हाड बसवणं वेगळं आणि जुळलेलं हाड कापून पुन्हा बसवणं वेगळं. दुसऱ्या कामाला मोठी भूल, प्लेट, स्क्रू आणि बराच जास्त पैसा लागतो.

तीन आठवडे म्हणजे २१ दिवस. २४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता जाहीर झालेलं पहिलं लॉकडाऊनही २१ दिवसांचंच होतं. हा निव्वळ योगायोग, पण मला तो विसरता येत नाही. त्या आठवड्यात ज्याचं हाड मोडलं आणि जो घराबाहेर पडू शकला नाही, त्याच्या हाडाची मुदत आणि लॉकडाऊनची मुदत सोबतच संपली. पुढे लॉकडाऊन वाढत वाढत ३१ मेपर्यंत गेलं, एकूण ६८ दिवस. हाडाच्या मुदतीत वाढ झाली नाही. आत्याच्या ६३ दिवसांत ती मुदत तीनदा उलटून गेली.

आता एका मनगटावरून जगाकडे जाऊ. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठातून ‘कोविडसर्ज’ नावाचा एक गट काम करत होता. त्यांनी ७१ देशांतल्या ३५९ रुग्णालयांतून माहिती घेतली आणि मे २०२० मध्ये एक अंदाज प्रसिद्ध केला. साथीचा जोर असलेल्या १२ आठवड्यांत जगभर २ कोटी ८४ लाख ४ हजार ६०३ ठरलेल्या शस्त्रक्रिया रद्द होतील किंवा पुढे ढकलल्या जातील. ठरलेल्या १०० मागे ७२. सगळ्यांत मोठा वाटा हाडांच्या शस्त्रक्रियांचा, जवळपास ६३ लाख.

एवढा आकडा डोक्यात बसत नाही, म्हणून मी तो फोडून पाहिला. १२ आठवडे म्हणजे ८४ दिवस, म्हणजे १ लाख २० हजार ९६० मिनिटं. दर मिनिटाला २३५ शस्त्रक्रिया रद्द. त्यांतल्या ५२ हाडांच्या, जवळजवळ सेकंदाला एक. आणखी एका मापाने पाहा. त्या ६३ लाख रुग्णांना दोन-दोन मीटरच्या स्ट्रेचरवर एकामागे एक ठेवलं, तर रांग १२,६०० किलोमीटर होते. पारनेरच्या वेशीपासून सुरू केली, तर तिचं दुसरं टोक न्यूयॉर्कच्या आसपास जाऊन टेकेल. त्या रांगेतला प्रत्येक जण दुखऱ्या गुडघ्याचा, खुब्याचा, खांद्याचा किंवा पाठीचा. त्यांतल्या बहुतेकांच्या जिवाला धोका नव्हता, आणि नेमकं म्हणूनच त्यांना थांबायला सांगितलं गेलं.

हीच शस्त्रक्रियांची थकबाकी फेडायला किती दिवस लागतील, तेही त्या गटाने मांडलं होतं. रुग्णालयांनी नेहमीपेक्षा २० टक्के जास्त काम केलं, तरी सरासरी ४५ आठवडे. २० टक्के म्हणजे रोज पाच शस्त्रक्रिया करणाऱ्याने सहा करायच्या. ऐकायला सोपं वाटतं. पण तालुक्याच्या गावात भूलतज्ज्ञ दोन-तीन दवाखान्यांत फिरून काम करतो, सी-आर्म हे एक्स-रे यंत्र एखाद्याच ठिकाणी असतं आणि सिस्टर सकाळपासून उभ्या असतात. सहाव्या रुग्णाला टेबलावर घेणारे हात कुठून आणायचे?

भारताच्या वाट्याला त्या अंदाजात ५ लाख ८० हजारांहून अधिक रद्द शस्त्रक्रिया आल्या. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला हायसं वाटलं. मग गणित केलं आणि ते हायसं वाटणं गेलं. जगातली १७-१८ टक्के माणसं भारतात राहतात आणि रद्द झालेल्या शस्त्रक्रियांत आपला वाटा जेमतेम २ टक्के. आपण सुटलो असा याचा अर्थ नाही. रद्द व्हायला आधी तारीख मिळालेली असावी लागते. ज्याला तारीखच कधी मिळाली नव्हती, तो या मोजणीत आलाच नाही.

हे पारनेरच्या मापाने सांगतो. शस्त्रक्रियांची गरज मोजणाऱ्या, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१५ मध्ये एक किमान प्रमाण सुचवलं होतं: दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला ५,००० शस्त्रक्रिया. सिझेरियन, हर्निया, मोतीबिंदू, हाडं सगळं धरून. २०११ च्या जनगणनेत पारनेर तालुक्याची लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या घरात होती. म्हणजे तालुक्याला वर्षाला सुमारे १३,७०० शस्त्रक्रिया लागतात, दिवसाला ३७ ते ३८. लॉकडाऊनच्या ६८ दिवसांत अडीच हजारांच्या वर. निघोजपासून टाकळी ढोकेश्वरपर्यंत आणि सुप्यापासून धवळपुरीपर्यंत पसरलेल्या एका दुष्काळी तालुक्याची ही गरज आहे. नगर जिल्ह्याचं क्षेत्रफळ १७ हजार चौरस किलोमीटर, महाराष्ट्रात सगळ्यांत मोठं. मोडलेल्या पायाने या जिल्ह्यातलं अंतर कापायचं, ते लॉकडाऊन नसतानाही सोपं नसतं.

इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेची प्रतीक्षायादी महिन्याच्या महिन्याला जाहीर होते. सप्टेंबर २०२३ मध्ये ती ७७ लाखांवर गेली होती आणि तिच्यात सगळ्यांत लांब रांग हाडांच्या विभागाची होती. तिथले लोक त्या यादीवरून सरकारला धारेवर धरतात. आपल्याकडे अशी एक यादीच नाही. आपला रुग्ण रांगेत असतो, पण ती रांग कुठल्या वहीत लिहिलेली नसते. ती ओट्यावर बसलेली असते, काठी टेकत गोठ्यात जात असते. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त खुपतं ते हेच.

गुडघ्यांचं घ्या. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतीवर मर्यादा घातली, तेव्हा देशात वर्षाला एक ते दीड लाख गुडघे बदलले जातात असं सांगितलं गेलं होतं. त्या हिशेबाने ६८ दिवसांत १८ ते २८ हजार गुडघे थांबले असणार. वाटी बदलायची म्हणजे हौसेचं ऑपरेशन, असं अजून पुष्कळांना वाटतं. ज्यांना तसं वाटतं, त्यांनी झिजलेल्या गुडघ्याच्या बाईला पहाटे उकिडवं बसायला लागतं तेव्हा तिचा चेहरा पाहिलेला नाही.

मग शस्त्रक्रिया थांबवायलाच नको होत्या का? इथे गोष्ट खरंच अवघड होते आणि डॉक्टरांवर राग काढून भागत नाही. ‘कोविडसर्ज’च्याच गटाने २४ देशांतल्या १,१२८ रुग्णांची नोंद तपासली. शस्त्रक्रियेच्या आगेमागे कोविड झालेल्या या रुग्णांपैकी २६८ जण ३० दिवसांत दगावले. शंभरातले चोवीस. निम्म्यांहून अधिकांच्या फुप्फुसांना त्रास झाला. खुब्याचं हाड मोडलेली सत्तरीची बाई आणि तिच्या अंगात कोविड, असं समोर आल्यावर सर्जनचा हात थबकणारच.

पुढचा अभ्यास त्याहून प्रचंड. ऑक्टोबर २०२० मध्ये ११६ देशांतल्या १ लाख ४० हजार २३१ रुग्णांची माहिती गोळा झाली. माहिती देणाऱ्या डॉक्टरांची संख्या एवढी होती, की याच माहितीवरच्या एका शोधनिबंधाची सर्वाधिक लेखकांसाठी गिनेस बुकात नोंद झाली: १५,०२५ लेखक. टाकळी ढोकेश्वरसारख्या दोन-तीन मोठ्या गावांतली सगळी माणसं एका लेखाखाली सही करतात, असं समजा. त्या माहितीतून निघालेलं उत्तर मात्र एका ओळीचं होतं. कोविड झाल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत शस्त्रक्रिया केली तर शंभरात चार जण दगावतात, पाच-सहा आठवड्यांनीही साडेतीनच्या वर, आणि सात आठवडे गेले की धोका कोविड न झालेल्या माणसाएवढा, म्हणजे दीडवर येतो. तेव्हा जमत असेल तिथे सात आठवडे थांबा.

सात आठवडे म्हणजे ४९ दिवस. फुप्फुस ४९ दिवस मागतं, हाड २१ दिवसच देतं. खुब्याचं हाड तर तेवढेही देत नाही, त्याची शस्त्रक्रिया शक्यतो ४८ तासांत व्हावी लागते. नाहीतर म्हातारं माणूस अंथरुणाला खिळतं, पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो. या २१ आणि ४९ च्या मधल्या २८ दिवसांत त्या काळातल्या अस्थिरोगतज्ज्ञांनी रोज निर्णय घेतले. कोणतं हाड प्लास्टरवर निभावेल, कोणतं तिरकं जुळलं तरी माणूस चालेल, कोणाला भूल द्यायचीच. हे निर्णय कुठल्या पुस्तकात लिहिलेले नव्हते.

शिवाय हवेचा प्रश्न. हाडाची शस्त्रक्रिया म्हणजे ड्रिल, करवत, हातोडा. त्यातून बारीक तुषार उडतात आणि भुलीची नळी घालताना तर जास्तच. हवेतले ९९ टक्के कण निघून जायला किती वेळ लागतो, हे खोलीतली हवा ताशी किती वेळा बदलते यावर ठरतं. मोठ्या रुग्णालयाच्या थिएटरात ती ताशी २० वेळा बदलत असेल, तर १४ मिनिटं पुरतात. ताशी ६ वेळा बदलत असेल तर ४६ मिनिटं. आणि खिडक्या बंद करून भिंतीवरचा एसी लावलेल्या छोट्या थिएटरात ती ताशी दोनदाच बदलत असेल, तर १३८ मिनिटं, म्हणजे सव्वादोन तासांहून जास्त. दोन रुग्णांच्या मध्ये एवढा वेळ थांबायचं, त्यात पीपीई घालायचा आणि उतरवायचा. दिवसाला पाच शस्त्रक्रिया होत होत्या तिथे दोन होणंसुद्धा मुश्कील.

भीती थिएटरची होती. धोका मात्र मुख्यतः दुसरीकडेच होता. चीनमधल्या वूहानमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत ८ रुग्णालयांतल्या २६ अस्थिशल्यचिकित्सकांना कोविड झाला. त्यांची चौकशी केल्यावर दिसलं, की पाचांतल्या चौघांना तो साध्या वॉर्डात लागला असावा, थिएटरात आठांतल्या एकाला. राउंड घेताना, ड्रेसिंग करताना, रुग्णाच्या नातेवाइकाशी दोन शब्द बोलताना.

दरम्यान रस्ते ओस पडले होते. हाडांच्या वॉर्डातले निम्मे पलंग रस्ता भरतो, हे कुठलीही सिस्टर सांगेल. पारनेर तालुक्यातून नगर-पुणे आणि नगर-कल्याण असे दोन वाहते रस्ते जातात. २०१९ मध्ये देशात रस्त्यांवर ४ लाख ५१ हजार ३६१ जण जखमी झाले होते, २०२० मध्ये ३ लाख ४८ हजार २७९. लाखाहून अधिक माणसं जखमी व्हायची वाचली, दिवसाला २८० च्या वर. मुंबईच्या लोकलचंही तसंच: २०१९ मध्ये रुळांवर २,६९१ मृत्यू, २०२० मध्ये १,११६. आमच्या तालुक्यातली निम्मी घरं मुंबईशी बांधलेली, त्यामुळे हा आकडा आमच्यासाठी परका नाही.

पण आतला आकडा वेगळं बोलतो. महाराष्ट्रात २०१९ मध्ये ३२,९२५ अपघातांत १२,७८८ मृत्यू झाले, म्हणजे शंभर अपघातांत ३९. २०२० मध्ये अपघात २४,९७१ वर आले, मृत्यू ११,५६९. शंभरात ४६. रिकाम्या रस्त्यावर वेग वाढतो आणि वेगात लागलेला मार जीवघेणा असतो. अपघात एक चतुर्थांशाने घटले, मरणं दहा टक्क्यांनीही घटली नाहीत.

आणि घरातलं पडणं थांबलं नव्हतं. गोठ्यात, न्हाणीत, जिन्यावर, आंब्याच्या झाडावरून. कडबाकुट्टीत बोटं सापडायची ती सापडतच होती. एप्रिल-मे म्हणजे आमच्याकडे मुंबईकर पोरं गावी येण्याचे दिवस, त्या वर्षी तर ती महिनोन्‌महिने राहिली. झाडावरून पडून कोपर मोडलेल्या पोराला हाडवैद्याकडे नेलं गेलं, अशा गोष्टी तेव्हा गावोगाव ऐकू येत होत्या. हाडवैद्याबद्दल मला सरसकट वाईट बोलायचं नाही, त्यांच्यात हाताची जाण असलेली माणसं मी पाहिली आहेत. पण कामट्यांची पट्टी सुजेवर करकचून बांधली आणि रक्त तुटलं, तर हाताचे स्नायू साधारण सहा तासांत मरायला लागतात. इथे २१ दिवसही मिळत नाहीत. सहा तास.

आता शिकणाऱ्यांकडे येतो, कारण या साथीची सगळ्यांत लांब सावली मला तिथे दिसते. एमबीबीएसनंतर हाडांचा सर्जन व्हायला तीन वर्षं लागतात, म्हणजे १,०९५ दिवस. पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर प्लास्टर घालतो, वजन लावून पाय ताणतो, ड्रेसिंग करतो. दुसऱ्या वर्षी तो वरिष्ठांच्या समोर उभा राहून रॉड, प्लेट बघतो आणि थोडं थोडं करू लागतो. तिसऱ्या वर्षी त्याच्या हातात काम येतं. २०२० च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रभरच्या महाविद्यालयांत ही मुलंमुली हाडांच्या वॉर्डातून कोविडच्या वॉर्डात गेली. सात दिवस कोविड ड्युटी, मग सात दिवस विलगीकरण, अशी पाळी पुष्कळ ठिकाणी होती. महिन्यातले उरलेले दिवस ज्या थिएटरसाठी, ते थिएटर बंद.

त्यांनी जे केलं त्याला तोड नाही. हाडं बसवायला आलेल्या पोरांनी प्राणवायूची नळी धरली, मृतदेह बांधले, नातेवाइकांना फोनवर नको ते सांगितलं. त्यांच्याकडून एक वर्ष घेतलं गेलं, ते परत देण्याची सोय मात्र कोणी केली नाही.

मोडलेलं मनगट बसवणं हे डोळ्यांनी शिकायचं काम नव्हे. एक जण कोपर धरून मागे ओढतो, दुसरा पंजा धरून पुढे. मिनिटभर नेटाने ओढलं की स्नायू दमतात, तुकडे सुटतात, मग अंगठ्याने दाब देताना आत एक खरखर लागते आणि हाड बसतं. ती खरखर अंगठ्याला कळावी लागते. त्यावर ओलं प्लास्टर गुंडाळायचं. ते हाताखाली कोमट होतं आणि पाच-सात मिनिटांत घट्ट होतं. त्या पाच-सात मिनिटांत तळहाताने त्याला आकार दिला नाही, तर आतलं हाड पुन्हा सरकतं. लॉकडाऊनच्या काळात वेबिनारचा पूर आला. देशातल्या मोठमोठ्या सर्जननी रात्री नऊ-नऊ वाजता पोरांना शिकवलं, आणि त्याचा उपयोगही झाला. एरवी नगरच्या किंवा लोणीच्या विद्यार्थ्याला जे गुरू कधी दिसले नसते, ते त्याच्या मोबाइलवर आले. पण खरखर मोबाइलवर येत नाही.

मग परीक्षेची गोष्ट. पदव्युत्तर प्रवेशाची नीट परीक्षा १८ एप्रिल २०२१ ला ठरली होती. नेमक्या त्याच दिवशी महाराष्ट्रात ६८,६३१ नवे रुग्ण सापडले, राज्यातला दिवसाचा उच्चांक. परीक्षा आदल्याच आठवड्यात पुढे ढकलली गेली होती. ती ११ सप्टेंबरला झाली. त्यानंतर आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि प्रवेशफेरी सुरू व्हायला १२ जानेवारी २०२२ उजाडलं. ठरलेल्या परीक्षेपासून २६९ दिवस. तीन वर्षांच्या तीन तुकड्यांवर चालणारे विभाग तेवढे दिवस दोन तुकड्यांवर चालले. प्लास्टर घालणारी पहिल्या वर्षाची तुकडी नाही, म्हणून ते काम वरच्या वर्षाने केलं. वरच्या वर्षाने शस्त्रक्रिया शिकायच्या, तो वेळ त्यात गेला. देशभरात अशा सुमारे ४५ हजार डॉक्टरांची वाट पाहिली जात होती.

दुसऱ्या लाटेच्या दिवसांत आमच्या तालुक्यात, भाळवणीला, तेव्हाचे आमदार नीलेश लंके यांनी १,१०० खाटांचं कोविड केंद्र उभं केलं होतं. तालुक्याच्या लोकसंख्येने भागलं, तर दर अडीचशे माणसांमागे एक खाट. एका आजारासाठी एवढ्या खाटा इतक्या थोड्या दिवसांत उभ्या राहतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आणि अभिमान वाटला. तेव्हापासून मनात हेही घोळतं, की याच तालुक्यात मोडलेल्या हाडांसाठी किती खाटा आहेत, हे आपण कधी विचारलंच नाही. साथ तालुक्यातून लवकर हटलीही नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये, बाकी राज्य उघडत असताना, नगर जिल्ह्यातली ६१ गावं ४ ते १३ तारखेपर्यंत पुन्हा बंद झाली. त्यांत पारनेरचीही गावं होती.

एक जुनी आठवण इथे सांगायला हवी. साथीने हाडांच्या वैद्यकाचं नेहमीच नुकसान केलं असं नाही. पोलिओने तर मुंबईत त्याला उभं केलं. मुलीला पोलिओ झाल्यावर फातिमा इस्माईल या आईने १९४७ मध्ये मुंबईत अशा मुलांसाठी उपचार केंद्र सुरू केलं, आणि त्या प्रयत्नातूनच पुढे हाजीअलीचं मुलांचं अस्थिरोग रुग्णालय उभं राहिलं. ती साथ मुलांच्या पायांवर आली, म्हणून पायांचे डॉक्टर लागले. कोविड फुप्फुसांवर आला आणि हाडांचे डॉक्टर तिकडे गेले. जाताना तो हाडांसाठी एक नवं दुखणं मात्र ठेवून गेला.

मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. संजय अगरवाला आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. तिघेही चाळिशीच्या आतले, तिघेही स्वतः डॉक्टर. कोविडमधून बरे झाले आणि मग मांडीच्या सांध्यात दुखायला लागलं. खुब्याचा सांधा उखळीसारखा असतो. उखळीत फिरणाऱ्या गोळ्याला रक्त पोचवणाऱ्या वाहिन्या फार बारीक असतात. त्या बंद पडल्या की गोळा आतून मरत जातो आणि एक दिवस दबतो. स्टेरॉइड जास्त झालं की असं होतं, हे पूर्वीपासून माहीत होतं. पूर्वीच्या नोंदींत त्याला सरासरी २,००० मिलिग्रॅम स्टेरॉइड आणि सहा महिने ते वर्षभराचा काळ लागायचा. या तिघांना सरासरी ७५८ मिलिग्रॅम मिळालं होतं आणि कोविडचं निदान झाल्यापासून सरासरी ५८ व्या दिवशी दुखणं सुरू झालं.

स्टेरॉइडला दोष देऊन मोकळं होता येत नाही. डेक्सामेथासोनने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशाने कमी केले. दिवसाला ६ मिलिग्रॅम, १० दिवस, हा त्याचा तपासून ठरवलेला डोस. प्रेडनिसोलोनच्या मापात तो सुमारे ४०० मिलिग्रॅम होतो. त्या तिघांतला सगळ्यांत कमी डोस होता तोही ४००. जीव वाचवणारी मात्रा आणि गोळा दुखवणारी मात्रा यांच्यात एवढंच अंतर. ते तिघे डॉक्टर होते म्हणून त्यांनी दुखणं लगेच ओळखलं, एमआरआय केला आणि गोळा दबायच्या आत औषध सुरू झालं. कोविड होऊन गेलेल्या एखाद्या शेतकऱ्याला मांडी घालून बसताना जांघेत कळ आली, तर तो काय समजेल? वात धरला. तेल लावेल. जांघेतली अशी कळ महिनाभर राहिली आणि मागे कधी स्टेरॉइड घेतलेलं असेल, तर एमआरआय करून घ्या, हे मी भेटेल त्याला सांगतो.

आत्याकडे परत येतो. डॉक्टरांनी तिला हाड कापून प्लेट टाकायचं सुचवलं होतं. कोनमापक लावून त्यांनी हात मोजला. तळहात ८० ते ८५ अंश उताणा व्हायला हवा, तिचा होत होता ४०. ती म्हणाली, पेरणी होऊ द्या. पेरणीनंतर कांदा आला. कांद्यानंतर दुसरी लाट. मग नातीचं लग्न. मागच्या दिवाळीत मी पुन्हा विचारलं, तेव्हा तिने परात पुढे ओढली आणि डाव्या हाताने भाकरी उचलून तव्यावर टाकून दाखवली. डाव्या हाताची भाकरी एका बाजूला जराशी जाड होते. ती बाजू ती तव्याच्या मधोमध, जाळ जास्त असतो तिथे ठेवते.